सावरमाळनं दिल्लीला नाही म्हटलं

सावरमाळची सरपंच सत्यशीला दिल्लीच्या हुकमाविरुद्ध उभी राहिली, तेव्हा शिरूर कासारच्या स्टँडवर लोकांना हसायला आयताच विषय मिळाला. कंडक्टर फाट्यावर गाडी थांबवून ओरडायचा, "चला उतरा, सावरमाळ संस्थान आलं! आपापले पासपोर्ट हातात ठेवा!" चहावाला बंकट तर तिच्या नवऱ्याला, अभिमन्यूला, भर गिऱ्हाइकांत विचारायचा, "काय बे, तुमचं सैन्य कुठाय? शेळ्याच हायत्या ना?" हसा म्हणावं लेको. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे.

हुकूम असा होता, की गावाच्या गायरानावर सौर प्रकल्प होणार. कागदावर लिहिलं होतं, 'सदर माळ पडीक आहे.' पडीक! लिहिणाऱ्यानं तो माळ डोळ्यांनी बघितला तरी होता का? दिवाळी झाली की सावरमाळ ऊसतोडीला जातं. धडधाकट माणूस गावात औषधाला सापडत नाही. मागं राहतात म्हातारेकोतारे आणि त्यांच्या शेळ्या. शेळ्या गायरानावर चरतात आणि शेळ्यांवर म्हाताऱ्यांचा चहा, दवापाणी, सगळं चालतं. गायरान गेलं तर शेळ्या गेल्या, आणि शेळ्या गेल्या तर म्हाताऱ्यांना उचलून ऊसतोडीच्या फडावर न्यायचं, दुसरा इलाज नाही.

ते काय असतं हे सत्यशीलेला चांगलं ठाऊक होतं. चार वर्षांमागं रोग आला आणि घरच्या सगळ्या शेळ्या मेल्या, तेव्हा सासूला, दगडाबाईला, तिनं फडावर नेलं होतं. म्हातारीचे गुडघे गेलेले. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत थंडीनं ती रात्रभर कण्हायची आणि सकाळी सून कोयता घेऊन निघाली की तिचा पदर धरायची. "सत्यशीला, मला घरी नेऊन टाक गं. इथं न्हाई मरायचं मला." त्या हंगामात म्हातारी वाचली हे नशीबच. पुढच्या वर्षी उसनवारीनं दोन पाटी, म्हणजे शेळीची मादी करडं, आणून सत्यशीलेनं तिला परत घरी बसवलं, आणि दोन पाटींच्या आता दहा शेळ्या झाल्या होत्या. म्हणून ती दिल्लीशी भांडायला निघाली. बाकी राजकारण गेलं चुलीत.

पण दिल्लीवाले काही दुधखुळे नव्हते. त्यांना गावाची संमती पाहिजे होती, आणि ग्रामसभा ठेवली ऐन जानेवारीत, गाव फडावर असताना. सभेला शंभर माणसं जमली पाहिजेत. नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा दुपारी पुन्हा भरली की तिला माणसं किती याची अटच नाही. चार माणसांनी माना डोलावल्या तरी गायरान गेलं. पंचायतीतले दोघं-तिघं तर मानांना आधीच तेल लावून बसले होते.

सत्यशीला स्वतः अभिमन्यूबरोबर कर्नाटकाच्या हद्दीवर ऊस तोडत होती. तिनं मुकादम मोहनरावाला गाठलं. हा तिचा चुलत दीर, अख्खं गाव त्याच्याच टोळीत. "भाऊजी, साठ कोयते गावाला न्यायचे. एक दिवस."

"वयनी, एका दिवसाचा खाडा म्हंजे कारखाना माझ्या मानेवर बसतो, हाय का ठावं?"

"तुमची आई मागं गावातच हाय ना? का फडावर आणता तिला?"

मोहनरावानं हजेरीची वही मिटली. म्हणाला, "बरं, नेतो. होऊ द्या काय व्हायचं ते."

तोडीच्या कामात नवराबायको मिळून एक कोयता. साठ कोयते म्हणजे एकशेवीस माणसं, शंभरी पार करून वर वीस. सत्यशीला एक दिवस आधीच एसटीनं पुढं आली. दगडाबाईनं विचारलं, "आमी यावं का सभेला?" तर ही घाईघाईत म्हणाली, "तुमी कावून गुडघे झिजवता, आत्या? माणसं लई हायत. तुमी शेळ्या बघा."

सकाळी मोहनरावाचे दोन ट्रक शाळेसमोर थांबले. सत्यशीला पळत गेली. ट्रकांतून म्हाळू उतरला, धोंडीराम उतरला, अभिमन्यू उतरला. उतरले ते सगळे गडीच! एकही लुगडं दिसेना.

"बाया कुठंयत, भाऊजी?"

"बाया? बाया कशाला?" मोहनराव खरोखरच बुचकळ्यात पडला. "तुमी साठ कोयते म्हनल्या, साठ आणले. मोजा."

त्याचं तरी काय चुकलं? आगाऊ पैशांची उचल घ्यायला गडी जातो, अंगठा गडीच देतो, भांडायलाही गडीच जातो. कोयत्याच्या वतीनं एक गडी आला की कोयता आला, असंच आजवर चालत आलेलं. बाया पोरंबाळं आणि बैलं सांभाळत फडावर राहिल्या होत्या. मोहनरावाला ते खटकलं नाही, समजू शकतो. पण सत्यशीला स्वतः बाई, स्वतः सपासप ऊस तोडणारी, तिलाही बायांना वेगळा निरोप धाडावा हे सुचलं नव्हतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

तालुक्याहून आलेले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी डोकी मोजली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, अर्धा तास थांबतो. नियमात तेवढंच बसतं. मग तहकूब करावी लागेल."

अर्ध्या तासात कर्नाटकातून बाया काय उडून येणार? गडी एकमेकांची तोंडं बघत बसले. पंचायतीतले ते दोघं-तिघं मिशीत हसायला लागले. सत्यशीलेचे डोळे भरले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं तोंड फिरवलं. समोर गायरान होतं. गायरानावर शेळ्या होत्या, आणि शेळ्यांमागं इकडं एक, तिकडं दोन, अशी माळभर म्हातारी माणसं बसलेली.

ती तशीच धावली. चप्पल वाटेत तुटली तरी थांबली नाही. दगडाबाई बाभळीखाली गुडघे चोळत बसली होती.

"आत्या, उठा! सगळ्यांना हाका मारा. सभेला चला!"

"आमी?" म्हातारी म्हणाली. "तुझे सासरे गेल्यावर मी तवाच्या मुकादमाकडं काम मागायला गेलते. मला म्हनला, म्हातारे, तू अर्धा कोयता, अर्ध्याला कोन नेतो? तवापासून आमाला कुनी मोजलंच न्हाई. आता कोन मोजनार?"

सत्यशीला तिच्यासमोर मटकन खाली बसली. "चुकले मी, आत्या. ज्यांच्यासाठी भांडले, त्यांनाच घरी बस म्हनले. शेण खाल्लं मी. चला, हात जोडते."

दगडाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग काठी टेकून उठली आणि अशी हाळी दिली, की माळावरच्या शेळ्यासुद्धा माना वर करून बघायला लागल्या. "ए ताराबाई! ए गीताबाई! उठा गं! आपल्याला बोलावलंय!"

आणि निघाली ती वरात! कुणी काठीवर, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. मोहनरावाची आई कमरेत वाकलेली, तिला बघून मोहनराव पळत आला आणि तिला पाठीवर घेतलं. शेळ्या तरी त्यांना सोडून कुठं जाणार, त्याही मागोमाग आल्या. शाळेच्या आवारात एवढी दाटी झाली, की साहेबांची खुर्ची मागं सरकली. एका पाटीनं त्यांच्या पिशवीत तोंड घातलं.

साहेब मोजू लागले. म्हाताऱ्यांच्या रांगेपाशी आल्यावर सावकाश मोजू लागले, एकेकाकडं बोट करून. शंभर कधीच मागं पडले.

"सभा कायदेशीर आहे," ते म्हणाले. मग जरा खाली वाकून सत्यशीलेला म्हणाले, "ताई, दिल्लीला नाही म्हणताय. पुढं त्रास होईल."

"होऊ द्या साहेब. गायरान द्यायचं न्हाई. लिहा." ती गावाकडं वळली. "ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा."

हातांचं रान उठलं. ते मिशीत हसणारेही इकडंतिकडं बघून हळूच हात वर करते झाले. साहेबांनी ठराव वाचला, मंजूर म्हटलं, गड्यांनी टोप्या उडवल्या, हात खाली आले. एक हात तेवढा वरच राहिला. दगडाबाईचा. तिला वाचलेलं काही कळलं नव्हतं.

सत्यशीला जवळ गेली. "झालं, आत्या. हात घ्या खाली."

"झालं?" म्हातारीनं विचारलं. "मंग मला फडावर न्हाई ना नेनार?"

"न्हाई, आत्या. तुमी तुमच्या घरीच."

तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतला.