चिमी झोक्यावरून का उतरली?

मास्तरकी केली की किस्से साठतच जातात, सांगून सरत नाहीत. माझा धुळ्यातला रविवारचा वर्गच घ्या. संसार सांभाळून बी.ए. करणारी मोठी माणसं, आणि अभ्यासाला कथा एका सात वर्षांच्या मुलीची! चिमी जादूच्या झोक्यावर बसते. झोका हलतोय तोवर तिचं वय वाढत नाही. शेवटी ती आपणहून उतरते आणि मोठी होते. परीक्षेतला प्रश्न ठरलेला: चिमी का उतरली? आशय सांगा, स्वभावचित्रण करा.

*

पहिल्याच दिवशी विचारलं, "या कथेत झोका म्हणजे काय?" मला ‘बालपण’ हवं होतं.

अख्खा वर्ग म्हणाला, "आखाजी!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येऊन झोके खेळतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हटलं, "अहो, ही कल्पनारम्य कथा आहे. ती उतरली का, ते सांगा."

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सासरचं बोलावणं आलं असंल."

*

नानाभाऊ साक्रीच्या एस.टी.वर कंडक्टर. त्यांनी स्वभावचित्रण लिहून आणलं: ‘चिमी समंजस आहे. आपला स्टॉप आला की न सांगता उतरते. असे पॅसेंजर मिळत नाहीत.’

मी कपाळावर हात मारला, पण मार्क दिले.

*

रझियाबाजी शिवणकाम करतात. जादूबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. "पण सर, पोरगी एवढा वेळ झोक्यावर, आणि जेवली का म्हणून कुणी विचारत नाही? आई कुठंय हिची?"

झालं! आशय राहिला बाजूला, तासभर सगळा वर्ग चिमीच्या आईवर तुटून पडला.

*

आणि आमच्या सखूअक्का. शिंदखेड्याच्या, नातवंडं असलेल्या. बाकीचे पेपर सुटले, पण तोंडी परीक्षेत दोनदा अडकल्या. परीक्षक दिसला की वाचाच बसायची. या खेपेला नापास झाल्या असत्या तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मी एकच वाक्य घोकून घेतलं: "जबाबदारीची जाणीव झाल्याने चिमी उतरली."

"पाठ झालं का, अक्का?"

"म्हैसले बी पाठ व्हई गयं, सर." दूध काढतानाही अक्का तेच घोकायच्या.

परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेर उभा. परीक्षक बाहेरगावचे, पण माणूस मोकळा. त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. अक्कांनी एका दमात वाक्य म्हटलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात ते म्हणाले, "हे झालं पुस्तकातलं. त्यावर मार्क नाहीत. तुम्ही तिच्या जागी असता तर उतरला असता का?"

हे काही आम्ही घोकलं नव्हतं. म्हटलं, गेलं आता.

अक्कांनी पदर सावरला आणि ज्या एका वाक्यावर त्या पास झाल्या, ते बोलल्या:

"सर, पहिले माले झोकावर बठू त द्या."