फोटोपुरती गरीब

"ही कुठं गरीब दिसायलीय?" शेठ म्हणाले आणि मला स्टेजच्या पायरीवरून खाली उतरवलं.

मी चौथीत होते. सेलूकडचे एक कापसाच्या जिनिंगवाले शेठ आमच्या गावच्या शाळेत दप्तरं वाटायला आले होते. वाटप फक्त आम्हा बौद्धवाड्यातल्या पोरांना.

चूक मायची झाली. लेकीचं नाव माईकवर पुकारणार म्हणून ती आदल्या दिवसापासून हरखून गेली होती. कापूस वेचून आली आणि शेजारणीच्या पोरीचा लग्नातला फ्रॉक मागून आणला. सकाळी केसांना तेल चोपडलं, दोन घट्ट वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. म्हणाली, "मानानं बोलावलंय, मानानं जावं." तिला वाटलं, सत्कार आहे.

वर्गाच्या बाई मला मंडपामागं घेऊन गेल्या. त्या वाईट नव्हत्या, घाईत होत्या. त्यांनी रिबिनी सोडल्या. फ्रॉकवर एका पोराचा उसवलेला शर्ट चढवून गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. शेठनी आणलेला फोटोवाला म्हणाला, "चपला बी काढा." तेलामुळं केस काही विस्कटेनात. मग त्यानं खाली वाकून मूठभर माती घेतली आणि माझ्या डोक्याला चोळली.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे चालत होते. स्टेजवर शेठनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तो रुमालाला पुसला. फोटोवाला ओरडला, "हसू नको. खाली बघ." मी खाली बघितलं. समोर बायकांत माय बसली होती. तीही खालीच बघत होती.

तो फोटो सेलूच्या चौकात फ्लेक्सवर लागला. खाली लिहिलं होतं, गोरगरिबांचा आधार. उन्हानं विटून फाटेपर्यंत तो तिथंच होता. बाजाराला जाताना माय लांबून वळसा घालायची. माझी वेणी रोज घालायची, पण रिबीन परत कधी बांधली नाही.

आता मी पालमकडं एका संस्थेत काम करते. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेली पोरं शाळेत टिकवायची, हे माझं काम. परवा एक देणगीदार स्वेटर घेऊन आले. थंडी कडाक्याची, पोरांच्या अंगात नुसते सदरे. तिसरीतली एक पोर काजळ घालून, रिबिनी बांधून रांगेत सगळ्यात पुढं उभी होती.

देणगीदारांचा माणूस मला म्हणाला, "ताई, हिला जरा तशी करा ना."

"तशी म्हणजे कशी?"

तो हसला. "तुमाला माहीत हाय की. फोटोला बरं दिसतंय."

आणि त्यानं तिच्या रिबिनीला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं. डोक्यात संताप वगैरे नव्हता. सगळं गार होतं. एवढंच दिसत होतं, की ती पोर खाली बघायला लागली आहे.

"हात काढा. फोटो निघणार नाही."

"मंग स्वेटर बी न्हाईत."

"न्या."

त्यांनी गठ्ठे परत गाडीत टाकले. संस्थेच्या सरांचा फोन आला. "तुझ्या मानापायी लेकरं गारठायलीत, कळतंय का?" कळतंय. ते खरं आहे आणि ते मला टोचतं. गाडी गेल्यावर त्या पोरीनं विचारलं, "ताई, आता स्वेटर न्हाई का?"

"आज न्हाई."

पंचायतीत महिला-बालकल्याणाचा निधी असतो. तो कुणाच्या बापाचा नाही, या लेकरांचा आहे. ग्रामसभेत मी तो मागणार. नाही दिला तर पोरांना घेऊन तिथंच बसणार. त्या दिवशी पोरं तेल लावून, रिबिनी बांधून, असतील नसतील ते चांगले कपडे घालून येतील. त्यांना गरीब दिसायला कुणी सांगायचं नाही. आणि रिबिनीला कुणी हात घातला, तर गाठ माझ्याशी आहे.