पिशवीतला कॉम्प्युटर

समजा, कंपनीचा एक जुना कॉम्प्युटर तुमच्या पुढ्यात आहे. झाकण काढलंय, हातात स्क्रूड्रायव्हर आहे, आणि त्याला फक्त थोडा वेगवान करायचाय. आधी कुठला भाग काढाल? आणि कुठला भाग काढल्यावर तो कॉम्प्युटर तोच राहणार नाही?

दुसरा प्रश्न बुअज्जाला बावीस वर्षांत कधी पडला नव्हता. कासाब्लांकाच्या दर्ब गल्लेफ बाजारात पत्र्याखाली त्याचं दुकान. युरोपातल्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेले कंपन्यांचे कॉम्प्युटर तो सुधारून विकायचा. शेजारचा अल्लाल मात्र सुटे भाग जोडून नवे बनवायचा. बुअज्जा त्याला डिवचायचा, "तुझं मशीन म्हणजे सात गावची वरात. नवरा कोण, वऱ्हाडी कोण, पत्ता नाही!"

बाजारातली एक रीत बुअज्जा कसोशीने पाळायचा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. बदलाबदलीचा संशयच नको.

मंगळवारी तामू आली; सगळे तिला मानाने लल्ला तामू म्हणत. नवरीच्या कफ्तानांवर, म्हणजे पायघोळ झग्यांवर, यंत्राने जरीकाम करणारी बाई.

"मालेम," उस्तादाला म्हणतात तशी ती म्हणाली, "शनिवारी लग्न आहे आणि मोठी नक्षी उघडली की हा मेला मध्येच झोपतो. जागा कर त्याला. पण मशीन हेच हवं हं, सहा वर्षांची सवय आहे."

"लल्ला, हेच राहील. माझा शब्द."

बुअज्जाने मेमरी वाढवली. फरक पडला, पण बेताचाच. मग जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या वेगवान डिस्कवर उतरवलं. ग्राफिक्स कार्ड घातलं, तर वीजपुरवठ्याचा डबा अपुरा पडला. मोठा डबा आणला, तर कंपनीच्या बोर्डावरची खाच जगावेगळी, बाजारातला प्लग तिच्यात जाईना. म्हणून बोर्ड बदलला. नव्या बोर्डाला जुना प्रोसेसर चालेना, तोही बदलला. बोर्डाची भोकं खोक्याशी जुळेनात, ती कानशीने जुळवली. प्रत्येक पाऊल सरळ होतं. आपण कुठे निघालोय हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही.

गुरुवारी तामूने तिथेच काउंटरवर आपला नक्षीचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर ओळ आली: या कॉम्प्युटरला परवानगी नाही.

"म्हणजे काय? हा माझा नाही?"

बुअज्जाने चष्मा पुसला. प्रोग्रामची परवानगी जुन्या बोर्डाशी बांधलेली होती. नवी मागायची, तर उत्तराला आठवडा.

"पण लल्ला, खोका तुझाच, बिल्ला तुझाच…"

"खोक्याने जरीकाम होतं होय रे?"

अल्लाल पलीकडून ओरडला, "बुअज्जाशेठ, ये रे, वरातीत ये! नवरा सापडला का?"

बुअज्जाची नजर पिशवीकडे गेली. त्याने ती पुठ्ठ्यावर रिकामी केली. बोर्ड, प्रोसेसर, डबा, डिस्क, सगळं होतं. कॉम्प्युटरला लागतं ते सगळं. त्याने ते उघड्यावरच जोडलं, वाढवलेली मेमरी तेवढी खोक्यातून काढून घातली आणि बटण दाबलं. प्रोग्राम मुकाट्याने उघडला. नक्षी रडतखडत आली, पण आली.

"बस! तुकड्यातुकड्यांनी काढीन," तामू म्हणाली. "मला हाच दे."

"असा? उघडा?"

"उघडाच. नवरीला कुठे दिसतोय?"

शेजारच्या बाईकडून तिने भट्टीवर पाव भाजायला नेण्याची फळी मागून आणली. त्यावर बुअज्जाने कॉम्प्युटर दोरीने बांधला. टॅक्सीवाला म्हणाला, "हे भाजून आणलंय की भाजायला चाललंय?"

शनिवारी तामूचा फोन आला. कफ्तान वेळेत गेलं होतं. मागे बायकांचा लग्नातला जल्लोष ऐकू येत होता. बुअज्जाने विचारलं, "आणि तुझा इथला कॉम्प्युटर कधी नेतेस?"

"माझा तर माझ्याकडे आहे, मालेम."

फोन ठेवून त्याने दुकानातल्या मांडणीवरच्या खोक्याकडे पाहिलं. वर कंपनीचा बिल्ला, खाली त्याच्याच अक्षरात चिठ्ठी: लल्ला तामू. आत तिचं काहीच नव्हतं. अल्लाल चहाचा पेला घेऊन आला तेव्हा बुअज्जाने न राहवून विचारलं,

"अल्लाल, खरं सांग. मी तिचा कॉम्प्युटर सुधारत होतो ना? मग कुठल्या स्क्रूपाशी मी दुसराच बनवायला लागलो?"