हिला आंघोळ कोण घालतं?

पुस्तक संपलं की अक्का ते मांडीवर उपडं ठेवायच्या, चष्मा काढून पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "बाकी सगळं छान आहे हो. पण हिला आंघोळ कोण घालतं?"

हिला म्हणजे कादंबरीतल्या नायिकेला. हल्ली किशोरवयीन मुलांसाठी ज्या कादंबऱ्या निघतात, त्यांत एक तरी मुलगी मनानं आजारी असते. तुम्हीही वाचल्या असतील. मुलगी देखणी, बुद्धीनं तल्लख, खिडकीत बसून कविता करणारी. आजार तिला अगदी शोभून दिसतो. मग कुणी एक मित्र भेटतो, तिला समुद्र दाखवायला नेतो आणि शेवटच्या प्रकरणात बाईसाहेब ठणठणीत. अक्कांना या मुलींचा भारी राग. "दोनशे पानं झाली, हिनं डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही. तरी केस वाऱ्यावर उडतायत. उवा होतात हो, उवा."

हिमायतनगरला औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं मराठी वाचनालय आहे. अक्का निवृत्त शिक्षिका. दर रविवारी सकाळी त्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पोरं म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची. आमच्याकडची ही पिढी मराठी बोलते, तीही निम्मी हिंदी, निम्मी तेलुगू. पण पुस्तक हातात दिलं की जोडाक्षरापाशी गाडी अडते. त्यामुळे अक्का वाचतील ते खरं. आणि अक्का काय, वाचता वाचता पदरचं घालायच्या.

"इथं लिहिलेलं नाही, पण धरून चाला. गोळ्यांनी पोरगी जाड झालीय. हात थरथरतात, चहा बशीत सांडतो. आई वैतागलीय. पुढं वाचते."

एकदा एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "अक्का, पण एंडला ती ठीक होते ना?"

"पुस्तकात होते."

"मग नंतर?"

"नंतर सोमवार येतो," अक्का म्हणाल्या. पोरं हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

अक्कांना हे सगळं कुठून ठाऊक, ते आम्हा मोठ्यांना माहीत होतं. त्यांची धाकटी बहीण सुमी. कॉलेजात असताना तिला आवाज ऐकू यायला लागले, ते आजतागायत. आईवडील गेल्यावर अंबरपेठेतल्या घरात या दोघीच. अक्कांनी लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, बहिणीसाठी त्याग केला. अक्का म्हणायच्या, "त्यागबिग नक्को. मला कुणी विचारलंच नाही. मला बघायला यायचे, सुमी दिसली की चहासुद्धा अर्धा टाकून उठायचे." रविवारी सकाळी घरी एक आयाबाई थांबायची, तेवढ्या वेळात अक्का वाचनालयात. आठवड्यातून तेवढंच काय ते त्यांचं स्वतःचं. रिक्षातून उतरताना त्यांचा चेहरा माहेरी आलेल्या बाईसारखा दिसायचा.

गेल्या वर्षी आयाबाई काम सोडून गावी गेली. दुसरी मिळेना. घरातल्या बाईला आवाज ऐकू येतात म्हटलं की चौकशीला आलेली बाई दारातूनच परतायची. नाइलाजानं अक्का सुमीला बरोबर घेऊन आल्या.

त्या वेळी आमच्याकडे मानसिक आरोग्याचा हंगाम चालू होता. सचिवांनी भिंतीवर मोठा फलक लावला होता, 'मनातलं बोला, आम्ही ऐकतोय.' तसल्याच एका कादंबरीचा शेवट वाचायचा होता, पोरांनी हॉल भरला होता. सुमी पहिल्या रांगेत बसली. पन्नाशी उलटलेली, अंगानं सुटलेली, केस कापलेले, स्वच्छ साडी. मग नायिकेला मित्र मिठी मारतो त्या जागेवर ती बोलायला लागली. आमच्याशी नव्हे. कुणाला तरी मोठ्यानं दटावत होती, मध्येच हसत होती.

अक्कांनी वाचणं थांबवलं नाही. एका हातानं सुमीचं मनगट धरलं आणि वाचत राहिल्या. पण एरवी नायिकेसाठी डोळे पुसणारी ती मुलगी उठली आणि आपली खुर्ची उचलून लांब घेऊन गेली. तिच्यामागून बाकीच्याही उठल्या. दोघी बहिणींभोवती रिकामं रिंगण झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पोरींना तरी काय बोलणार? त्यांच्या पुस्तकातली आजारी मुलगी असली दिसतच नाही.

त्याच आठवड्यात आमच्या समितीची बैठक झाली. सचिव बसले होते गोड बोलायला. "अक्का, तुम्ही जरूर या. तुमच्याशिवाय वाचन नाही. फक्त त्यांना आणू नका. मुलं घाबरतात, पालकांचे फोन आलेत."

"मग हिला कुठं ठेवू?"

"तेवढ्यापुरती काहीतरी व्यवस्था करा की."

मी म्हणालो, भिंतीवरचा फलक तरी काढा मग. सगळे माझ्याकडे, मी मध्येच शिंकलो असेन तसे बघायला लागले. वर एकानं समजूत घातली, "भाऊ, तो विषय वेगळा."

पुढच्या रविवारी अक्का एकट्या आल्या. व्यवस्था काय केली, कुणी विचारलं नाही. वाचताना त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पदरचं काही घातलं नाही, छापलं होतं तेवढंच वाचलं. पोरांना ते फार आवडलं. सचिव माझ्या कानाशी लागले, "आज कसं सुरळीत झालं." संपताच अक्का घाईनं जिना उतरल्या. मला त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून एकाच रिक्षात बसलो. तेव्हा त्यांच्या मुठीतली किल्ली दिसली.

गल्लीत माणसं जमली होती. सुमीनं आतून खिडकीची काच फोडली होती, दोन्ही हात गजांबाहेर, कोपरापर्यंत रक्त. "अक्का, उघड. अक्का, उघड," एवढंच म्हणत होती. दोघं-तिघं मोबाइलवर चित्रण करत होते. अक्कांनी गर्दीतून वाट काढली. कुलूप काढलं, तिला खिडकीपासून बाजूला घेतलं, हात धुऊन चिंध्या बांधल्या आणि पाणी तापत ठेवलं. मी आपला काचा वेचत बसलो. माझ्या हातून दुसरं काय होणार होतं?

त्यानंतर अक्का वाचनालयात आल्या नाहीत. रविवारी आता एक समुपदेशक बाई येतात. छान वाचतात, शेवटी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतात.

मागच्या महिन्यात समितीला कोण जाणे कशी उपरती झाली. मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात अक्कांचा सत्कार करायचा ठरला. निरोप द्यायला मला पाठवलं. जाताना सचिवांनी बजावलं, "एकट्याच येतील असं बघा."

अक्का सुमीला जेवू घालत होत्या. वरणभाताचा घास घोटून घोटून मऊ केलेला. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिथं हिला खुर्ची आहे का?" त्यांनी विचारलं.

मी पाण्याचा पेला सुमीच्या ताटाजवळ सरकवला.

"तुमच्यावर राग नाही हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "पुस्तकातली आजारी मुलगी बरी होऊन जाते, म्हणून ती सगळ्यांना परवडते. ही रोज आहे." मग सुमीच्या ओठांवरचा भात बोटानं टिपून घेतला. "जाताना दार नुसतं लोटा. बाहेरून कडी घालू नका, ती घाबरते."

मी दार लोटलं. रस्त्यावर येऊन सचिवांना फोन केला, अक्का येणार नाहीत म्हणून सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "शाल तर आणून ठेवलीय."