आईने निवडलेले एम.ए.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.ए., बी.एड. करून गडचिरोली जिल्ह्यातल्या, नाल्यापलीकडच्या एका गावात शिक्षिका झाले, तरी एम.ए.ची इच्छा मनात राहिली होती. नोकरी सोडणे शक्य नव्हते. म्हणून पोस्टाने शिकवणाऱ्या दोन विद्यापीठांची माहितीपत्रके मागवली. त्यातल्या एकाची फी जवळजवळ निम्मी होती. मी त्याचाच अर्ज भरायला बसले.

आई तलावातली मासोळी बाजारात विकायची. तिला वाचता येत नव्हते. टोपली धुता धुता तिने विचारले, “पेपर कोन्या महिन्यात हायेत?”

मी पत्रक पाहिले. “ऑगस्टमध्ये. चंद्रपूरले.”

“तवा नाला भरून राह्यते. बस कुठी येते? पोहत जाशीन का, मास्तरीणबाई?”

मी पेन खाली ठेवले. एवढे शिकून मला हे सुचले नव्हते. पेपर बुडाले असते तर ती स्वस्त फीसुद्धा वायाच गेली असती. दुसऱ्या विद्यापीठाची परीक्षा डिसेंबरात होती आणि फी दोन हप्त्यांत भरता येत होती. मी तो अर्ज भरला.

दोन वर्षे शाळा सांभाळून अभ्यास केला. एकही पेपर चुकला नाही. निकाल लागला त्या आठवड्यात आई बाजारात मासोळी तोलता तोलता गिऱ्हाइकाला सांगत होती, “पोरगी एमए झाली. कालेज म्याच पाहून देल्लं तिले.”

गिऱ्हाइकाने हसून तिच्याशेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिले.

“खरं हाय,” मी म्हणाले.