'हो'वरची खूण

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा क्लीओटिस. एकोणिसाव्या वर्षी त्यानं गाडी चोरली आणि दीड वर्ष आत काढलं. पुढं सदतीस वर्षं नोकरीच्या प्रत्येक अर्जात 'कधी शिक्षा झाली आहे का?' या प्रश्नापुढं तो 'हो'वर खूण करत राहिला, आणि अर्ज केराच्या टोपलीत जात राहिले.

मग मिशिगनमध्ये जुने गुन्हे नोंदीतून पुसायचा कायदा आला. या वसंतात कोर्टानं त्याचा गुन्हा कायमचा पुसला. बहिणीनं चर्चमागं कॅटफिश मासे तळून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं.

सोमवारी त्यानं शाळेत झाडलोटीच्या कामासाठी अर्ज भरला. गुरुवारी नकार आला. मी त्याला घेऊन थेट शाळेचं ऑफिस गाठलं.

तिथल्या बाईनं अर्ज पुढं सरकवला. "तपासणीत तुमच्या नावावर काहीच निघालं नाही. पण तुम्हीच 'हो'वर खूण केलीय."

क्लीओटिस कागदाकडं बघतच राहिला. "सवयीनं हात गेला हो, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. "अहो, कोर्टानं पुसलंय ना? मग हे कसलं घेऊन बसलात?"

"थांब गं," तो म्हणाला आणि त्यानं टेबलावरचं पेन उचललं. "एवढी खूण खोडतो, मॅडम."

बाईनं अर्ज मागं ओढला. "भरलेल्या अर्जात खाडाखोड चालत नाही."