बाबांचा चहाचा कप आणि माझा आखडलेला हात

मंडळी, घरातून उठून तडक सायबर कॅफेत आलोय. डोकं चालत नाहीये. ग्रुपमधल्या पूल खेळणाऱ्यांनी जरा सांगा.

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पूल टेबल कुठून येणार? म्हणून रोज संध्याकाळी मी डायनिंग टेबलावर रिकामी काचेची बाटली आडवी ठेवतो आणि पूलच्या काठीऐवजी पडद्याचा दांडा तिच्या तोंडात, काचेला न लागता, सरळ घालायची प्रॅक्टिस करतो. समोर बाबा चहा घेत, कान देऊन बसतात. काच वाजली की "लागला", नाही वाजली की "गेला". रिटायर झाल्यापासून ते दिवसभरात बोलतात ते जवळपास एवढंच.

आज दुपारी पूल पार्लरमध्ये खेळलो. नेम सगळे बरोबर, पण बॉल पॉकेटपाशी जाऊन थांबायचे! माझा मित्र मन्या वैतागला, "अरे, मारताना हात का आखडतोस? समोर कोण बसलंय?"

तेव्हा ट्यूब पेटली. जोर लागला तर बाटली घसरून बाबांच्या कपावर जाईल, म्हणून हाताला ब्रेकची सवयच लागलीय!

घरी येऊन म्हटलं, "बाबा, जरा हॉलमध्ये बसता का?" ते काही न विचारता कप घेऊन उठले. मग मी मोकळा हात मारला. एकदम झकास!

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "लागला का रे? इथून ऐकू येत नाही."

दांडा टेबलावर ठेवून मी तडक इथे आलो. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?